तुमच्या हापिसात माणसं लई!

सरकारी ऑफिसात किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये संपलेल्या बॉलपेनच्या कांड्या साठतात, तसे ते साठतात. टाकवतही नाहीत आणि कामालाही येत नाहीत. मग कुणाचा तरी निरोप समारंभ असतो, चहा-भजी येतात आणि एकेक किस्सा बाहेर निघतो. हल्ली निरोप समारंभ फार होतात, त्यामुळे किस्सेही फार झालेत. नवीन माणूस रुजू झाला म्हणून चहा झाल्याचं मात्र मला कित्येक वर्षांत आठवत नाही.

मी आस्थापनेच्या टेबलावर बसते. खातं कुठलं ते विचारू नका, माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीय. आस्थापना म्हणजे ऑफिसात माणसं किती मंजूर, किती हजर आणि किती कमी, याचा तक्ता दर महिन्याला वर पाठवणारं टेबल. म्हणजे सोलापुरात आमच्या खात्याची माणसं किती आहेत, हे छातीठोकपणे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, ती मी. आणि माझ्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही!

हे किस्से घडले तेव्हा मंजूर पदं एकवीस होती आणि हजर सात. त्या सातांत साहेब धरलेत, पण साहेबांना पूर्ण धरावं की अर्धं, यावर ऑफिसात मतभेद आहेत. बाहेर कुणालाही विचारा, रिक्षावाल्याला, भाजीवालीला, माझ्या दाताच्या डॉक्टरला, सगळ्यांचं एकच म्हणणं. "तुमच्या हापिसात काय मॅडम, माणसं लई! एक फाईल उचलायला चार जण."

या सातांशिवाय एक आठवी होती आणि आहे. भाग्यश्री. आम्ही भाग्या म्हणतो. कंत्राटदारामार्फत आलेली कॉम्प्युटर ऑपरेटर, रोज कुंभारीहून येते. आमच्याकडे लिपिकाची एक जागा बारा वर्षं रिकामी होती. त्या जागेचं सगळं काम भाग्या करायची, पण ती त्या जागेवर नव्हती. जागेची जाहिरात निघाली की परीक्षेला बसायचं, एवढं एकच तिच्या मनात. पुस्तकं कधीची आणून ठेवलेली. वयाच्या अटीत हे तिचं शेवटचं वर्ष. सकाळी आली की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी मला विचारायची, "मॅडम, आपली जागा हाय न्हवं अजून?"

"आहे गं बाई. कोण नेतंय तिला?" मी म्हणायचे.

नऊ वर्षं मी हेच उत्तर देत होते.

*

सिद्राम मामा आमचा शिपाई. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला, त्यामुळे काहीही मोजायचं तर जोडीनं मोजायचा. रोज पावणेदहाला यायचा, एकवीसच्या एकवीस खुर्च्या फडक्यानं पुसायचा आणि हॉलमधले सगळे पंखे लावायचा.

एकदा मी म्हटलं, "मामा, चौदा खुर्च्यांवर कुणी बसत नाही. कशाला पुसता?"

मामा म्हणाला, "म्याडम, बसनारा न्हाय म्हनून खुर्चीनं धूळ खायाची व्हय?"

तर एकदा माझे धाकटे दीर ऑफिसात आले. त्यांचं टॉवेलचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी चार पोरं गल्ल्याशेजारी उभी असतात, पण तो विषय आपण काढायचा नाही. भावजी दारात उभे राहिले. समोर स्वच्छ पुसलेल्या खुर्च्यांची रांग, वर गरगरणारे पंखे, आणि कोपऱ्यात मी आणि भाग्या.

त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आयुष्यभराचं मत पुराव्यानिशी समोर मांडून ठेवलेलं!

"बघितलं वहिनी? पंखे सगळे चालू आणि माणसं सगळी चहाला!"

"भावजी, ती माणसं चहाला नाही गेली. रिटायर झाली."

"सगळी?"

"नाही. दोन वारली."

भावजी पाणी पिऊन गेले. संध्याकाळी त्यांनी दुकानात सांगितलं की वहिनींच्या ऑफिसात वीस-बावीस माणसं आहेत, पण जागेवर एक सापडेल तर शपथ.

*

येमूल आमचा सगळ्यात कामाचा माणूस. त्याच्याकडे तीन टेबलं. अर्ज घ्यायचं, नकला द्यायचं आणि रेकॉर्डरूमचं. तीन माणसं रिटायर झाली, तिघांचा चार्ज ह्याच्या गळ्यात. शिक्का एका टेबलावर, कॉम्प्युटर दुसऱ्यावर आणि जुनं दप्तर आतल्या खोलीत, त्यामुळे येमूलला दिवसभर फिरतं राहावं लागतं. नकलेच्या टेबलावर बारीक अक्षर असतं म्हणून तिथं चष्मा लावतो. रेकॉर्डरूममध्ये धूळ असते म्हणून तोंडाला रुमाल बांधतो.

वळसंगचे एक आजोबा जमिनीच्या कागदाची नक्कल मागायला आले. येमूलनं पहिल्या टेबलावर अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "आता पलीकडच्या टेबलावर जा."

आजोबा पलीकडे जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं येमूल आला, चष्मा लावला आणि सवयीनं म्हणाला, "बोला आजोबा, काय काम?"

"त्यो तिकडचा म्हनला, हितं जा."

येमूल कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेला. म्हणाला, "त्याचं काम झालं. आता आत रेकॉर्डरूमला जा."

आत तोंडाला रुमाल बांधलेला येमूल! तो म्हणाला, "आज दप्तर सापडत नाही. सोमवारी या."

आजोबा भडकले. कानडीत पुटपुटायला लागले, "मूरु मंदी अण्णतम्मंदरु!" सिद्राम मामाला कानडी येतं. तो म्हणाला, "म्याडम, म्हातारा म्हनतोय, तिघं भाऊ हैत."

नेमके त्या दिवशी साहेब हजर. आजोबा थेट केबिनमध्ये गेले. "सायेब, ह्यो काय न्याव हाय? येकाच घरातली तिघं भाऊ तुमी हितं चिकटवली! गरिबाच्या पोरास्नी नोकरी न्हाय आन् हितं तिघं सारख्या तोंडाची! आन् तिन्ही येकमेकावर ढकलत्यात!"

साहेबांनी बेल वाजवली. "बोलवा रे तिघांनाही."

येमूल आत गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

आजोबांनी त्याला वरून खाली बघितलं, मग दाराकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"बघा सायेब! दोगं पळाली!"

*

आता साहेबांचं सांगते. साहेबांकडे आमचं ऑफिस आणि शिवाय करमाळ्याच्या ऑफिसचा जादा चार्ज. आमच्याकडे कुणी आलं की आम्ही सांगतो, साहेब करमाळ्याला आहेत. करमाळ्याला सांगतात, साहेब सोलापूरला आहेत. साहेब बिचारे बहुतेक वेळा जीपमध्ये असतात.

करमाळ्याला माणसं आमच्याहून कमी. तिथं बसले असताना साहेबांनी सोलापूरला कडक पत्र लिहिलं. कामाचा बोजा असह्य झाला आहे, दोन माणसं तातडीनं द्यावीत. खाली सही.

दोन दिवसांनी ते पत्र सोलापूरला आलं, साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी वाचलं आणि आमच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. भाग्याला बोलावून मजकूर सांगितला. 'आपली मागणी समर्थनीय दिसत नाही. उपलब्ध मनुष्यबळात कामाचे योग्य नियोजन करावे.' खाली सही.

पुढच्या आठवड्यात करमाळ्याहून स्मरणपत्र! भाषा आणखी तिखट. साहेब ते वाचून चिडले. खरंच चिडले, मी समोर होते. म्हणाले, "मॅडम, ह्या तालुक्याच्या लोकांना वाटतं आम्ही इथं माणसांची पेवं भरून ठेवलीत!"

त्यांनी खुलासा मागवला. आता करमाळ्याचा तो खुलासाही शेवटी भाग्याच टाइप करणार, कारण करमाळ्याचा प्रिंटर बंद होता. तिनं खुलासा मागवणारं पत्र आणि खुलासा, दोन्ही कागद तयार केले, साहेबांपुढं ठेवले आणि भाबडेपणानं विचारलं, "सर, दोनीबी सह्या आत्ताच करता का?"

साहेबांनी पेनला टोपण लावलं.

"नाही. ती दुसरी सही करमाळ्याला जाऊन करतो. ऑफिसला काही शिस्त आहे की नाही?"

*

माझ्या धाकट्या दिरांचं मत मध्यंतरी बदललं, हे न्यायानं सांगायला हवं.

त्यांचा मुलगा पदवीधर झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासला लागला. पहिल्याच महिन्यात भावजींचा फोन आला. आवाजात मध!

"वहिनी, किती हो ताण तुमच्यावर! एवढं मोठं ऑफिस आणि माणसं मोजून सात! सरकारला काही कळतं की नाही? भरती नको का करायला?"

मी फोन कानापासून लांब धरून नंबर तपासला. भावजींचाच होता.

पुढची अडीच वर्षं भावजी सरकारी कर्मचाऱ्यांचे कैवारी झाले. लग्नात, बारशात, तेराव्याला, जिथं बसतील तिथं सांगायचे की ऑफिसं ओस पडलीत, लोकांचे हाल होताहेत. दुकानात कुणी सरकारी नोकरांना नावं ठेवली तर त्याच्याशी भांडायचे. एकदा तर माझ्यासाठी टॉवेलचा सेट पाठवला, 'कामाच्या माणसाला' म्हणून. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

अडीच वर्षांत पोराला हवी तशी जाहिरातच निघाली नाही. शेवटी तो कंटाळून पुण्याला एका कंपनीत लागला. पेढे घेऊन भावजी घरी आले.

मी म्हटलं, "चला, पोरगं मार्गी लागलं."

भावजी सोफ्यावर टेकले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरंच झालं वहिनी. नाहीतरी सरकारात माणसं लईच झालीत!"

*

सिद्राम मामाचा किस्सा सांगताना अजून हसू येतं आणि मग हसू आल्याची लाजही वाटते.

मामाच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलं असताना वरून एक पत्र आलं. शिपायांची पदं आता पुढं भरायची नाहीत, आहे तो माणूस निवृत्त झाला की पद संपलं. याला आमच्या भाषेत 'मृत संवर्ग' म्हणतात. त्या पत्रासोबत यादी होती. शीर्षक, 'मृत संवर्गातील कर्मचारी'. त्यात अनुक्रमांक चारला मामाचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मामानं येमूलकडून ते वाचून घेतलं. येमूलनं समजावूनही सांगितलं. पण मामा घरी जाऊन काय बोलला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी साडेदहाला मामी ऑफिसात हजर. डोईवर पदर, हातात पिशवी. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि जी बोलायला लागली!

"कुणी लिवलं ते? माजा कारभारी जित्ता हाय की! सकाळच्याला दोन भाकऱ्या खाऊन आलाय! असा जित्ता मानूस मेला म्हनून लिवत्यात व्हय?"

मामा मागं उभा राहून "अगं, गप की" करतोय. मी मामीला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"मामी, मामांना काही झालं नाही. माणूस नाही मेला. ते रिटायर झाले की त्यांची जागा मरणार. मग त्या जागेवर पुन्हा कुणी येणार नाही."

मामीनं हॉलमध्ये नजर फिरवली. मामानं पुसलेल्या त्या रिकाम्या खुर्च्या तिनं बहुतेक पहिल्यांदाच बघितल्या.

"इत्क्या जागा मेल्या?" तिनं विचारलं.

"काही मेल्या, काही आजारी आहेत," मी म्हटलं. मलाही तेव्हा विनोद सुचत होते.

मामीनं पिशवी उचलली. जाता जाता वळून म्हणाली, "मग बाई, येवडं मरान झालं तर सुतक कोन धरतंय?"

मामा मे महिन्यात रिटायर झाला. आता सकाळी पंखे लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

*

मग तपासणी झाली. वरच्या ऑफिसचे एक अधिकारी आले. स्वभावानं सज्जन, पण कामाला पक्के. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सोलापूरच्या ऑफिसात हजेरीपटावर एक आणि प्रत्यक्षात एक असं चालतं. त्यांनी हजेरीपट मागवला, हॉलच्या मध्यभागी उभे राहिले आणि बोट दाखवून डोकी मोजली.

मामा गेल्यामुळे हजेरीपटावर आता सहा. साहेब केबिनमध्ये, ते एक. बाहेर पाच हवेत.

त्यांनी मोजली, सहा भरली. पुन्हा मोजली. सहाच!

"मॅडम, एक माणूस जास्त आहे."

चौदा जागा रिकाम्या असलेल्या ऑफिसात एक माणूस जास्त! येमूल दोनदा मोजला गेला असेल म्हणून मी त्याला एका जागी उभं केलं. तरीही सहा.

मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "सर, ही भाग्यश्री. ही कंत्राटदाराची आहे, आमच्या संख्येत येत नाही."

"मग ती कशात येते?"

आता काय सांगणार? झेरॉक्स मशीनची दुरुस्ती, पिण्याच्या पाण्याचे जार आणि भाग्या, हे तिन्ही खर्चाच्या एकाच हेडखाली येतात. मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, मग खोडलं आणि पेन हवेत धरून विचार करत राहिले. नियमाप्रमाणे ऑफिसात हजर माणसांची संख्या आणि हजेरीपट जुळायला हवा होता.

भाग्या कीबोर्डवरचे हात काढून उभी राहिली.

"सर, तुमचं मोजून हुईस्तवर मी भायेर थांबू का?"

आणि ती थांबली! दहा मिनिटं व्हरांड्यात उभी होती. तेवढ्या दहा मिनिटांत चार लोक येऊन गेले, कारण त्यांचं काम करणारं आत कुणीच नव्हतं. शेवटच्या माणसानं जाता जाता ऐकवलंच, "येवडी मानसं नुसती उबी हैत, आन् कामाला येक न्हाय!"

*

यापुढची गोष्ट मी निरोप समारंभात सांगत नाही. त्यात चूक माझी आहे.

वरून ठरलं की प्रत्येक ऑफिसला माणसं किती लागतात ते नव्यानं मोजायचं आणि नको असलेल्या जागा काढून टाकायच्या. त्यासाठी समिती येणार. मी पत्र वाचलं. जी जागा खूप वर्षं रिकामी असूनही काम अडलेलं नाही, ती जागा अनावश्यक समजावी. मी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली, कारण भाग्याची जागा नेमकी अशीच होती. काम अडलेलं नव्हतं, ते भाग्यामुळे.

त्या वेळी तिच्याकडे साडेतीनशेच्या आसपास अर्ज साठलेले होते. सर्व्हर महिनाभर रडत होता म्हणून. मला वाटलं, देवच पावला. हे अर्ज समितीला दिसू देत. माणूस नसल्यामुळे काम तुंबलंय, हे दिसलं की जागा वाचेल आणि जाहिरात निघेल.

पण हे उघड कसं बोलणार? साहेब शेजारी उभे. सरकारी कर्मचारी म्हणून 'काम करू नकोस' असं मी तोंडानं म्हणू शकत नव्हते. मी भाग्याला एवढंच म्हणाले, "हे बघ, पंधरा दिवसांनी शुक्रवारी समिती येतेय. तुझ्या जागेचा निकाल त्यांच्या हातात आहे. काम दिसलं पाहिजे, कळलं का?"

आणि डोळ्यांनी त्या अर्जांच्या गठ्ठ्याकडे खूण केली.

"कळलं मॅडम," ती म्हणाली. खूष झाली.

ठरल्या शुक्रवारी समिती आली. प्रमुखांनी मला स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला सांगितली. लिपिकाचं पद, रिकामं, प्रलंबित अर्ज... शून्य.

मी भाग्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले, पण तोंडभर हसू. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, दोन रविवार बसले. येक बी ठेवला न्हाय!"

समितीचे प्रमुख खरोखर भारावले. "वा! बारा वर्षं पद रिक्त आणि पेंडन्सी शून्य! असं ऑफिस मी बघितलं नाही." मग पेन काढलं. "म्हणजे या पदाची गरज नाही."

"सर, गरज आहे," मी म्हटलं. "हे सगळं काम ही मुलगी करते."

"ही कोण?"

"कंत्राटी आहे."

"मग प्रश्नच मिटला की!" ते म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. मी चहा मागवला.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, यादी आली. काढून टाकलेल्या जागांची. ईमेल उघडायचं काम भाग्याचंच. तिनं ती उघडली, प्रिंट काढली, आवक रजिस्टरला नोंदवली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. लिपिकाच्या जागेसमोर 'निरसित' लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "भाग्या..."

"आवक नंबर टाकलाय मॅडम," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

*

त्याच आठवड्यात शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. ज्या ऑफिसांत प्रलंबित काम शून्य, त्यांच्या कर्मचाऱ्यांना प्रशस्तिपत्रकं. आमच्या ऑफिसातले आम्ही सगळे गेलो. भाग्याला प्रशस्तिपत्रक मिळणार नव्हतं, ती आमच्या संख्येत नव्हती ना. पण आमच्या ऑफिसचं प्रेझेंटेशन तिनंच केलेलं, पेन ड्राइव्ह तिच्याकडे, म्हणून ती आली. नवी साडी नेसून आली होती. शेवटच्या रांगेत बसली.

सत्काराची यादी वरच्या ऑफिसनं केलेली. त्यांनी आमच्याकडून गेलेला कामाचा तक्ता घेतला. कुठल्या पदावर किती अर्ज आले, किती निकाली निघाले आणि शेजारच्या रकान्यात कर्मचाऱ्याचं नाव. लिपिकाच्या पदासमोर नावाच्या रकान्यात मी दर महिन्याला लिहिते तेच लिहिलं होतं. 'रिक्त'. कॉम्प्युटरनं प्रत्येक नावाआधी 'श्री.' लावलं आणि छापून मोकळा झाला.

सूत्रसंचालक बाईंनी कार्ड बघून खणखणीत आवाजात पुकारलं, "आणि संपूर्ण जिल्ह्यात सर्वाधिक अर्ज निकाली काढून प्रथम क्रमांक पटकावणारे, लिपिक, श्री. रिक्त!"

टाळ्यांचा कडकडाट!

कुणी उठलं नाही. आमचे साहेब बुटांकडे बघायला लागले. येमूल माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, हे आपलंच की हो!"

बाईंनी पुन्हा पुकारलं, "श्री. रिक्त, कृपया मंचावर यावं."

टाळ्या थांबल्या. लोक मागं वळून बघायला लागले. प्रशस्तिपत्रकाची फ्रेम हातात धरून वरच्या ऑफिसचे मोठे साहेब मंचावर ताटकळत उभे. मी उठून काहीतरी सांगावं म्हणून खुर्चीला हात टेकला, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला.

भाग्या मधल्या वाटेनं चालत निघाली होती. पदर खांद्यावरून नीट घेतलेला, मान वर. पायऱ्या चढली आणि मोठ्या साहेबांसमोर उभी राहून तिनं नमस्कार केला.

मोठ्या साहेबांनी फ्रेममधलं नाव वाचलं. तिच्याकडे बघितलं. पुन्हा नाव वाचलं. माईक चालूच होता.

"श्री. रिक्त... आपणच का?"

"व्हय सर," भाग्या म्हणाली. "सोमवारपर्यंत मीच व्हते."